मास्तरांच्या हिरडीवरची निळी रेघ

१

छडी दुसऱ्यांदा पडली तेव्हा वाजंत्र्यांनी वाद्यं खाली ठेवली.

पहिल्यांदा पडली तेव्हा सगळे हसले होते. निकानोर मास्तर चाळीस वर्षं तेकोलापा गावच्या बँडपुढे उभे राहत आलेले. ताल चुकणाऱ्या ढोलवाल्याला टोमणा म्हणून त्यांनी ती मुद्दाम टाकली, असंच तेवीस जणांना वाटलं. मास्तरांनी ती डाव्या हातानं उचलली, उजव्यात नीट बसवली आणि हात वर केला. हात वर गेला, पण पंजा गेला नाही. मनगटापासून खाली तो ओल्या फडक्यासारखा लोंबत राहिला आणि छडी पुन्हा फरशीवर वाजली.

सांता सेसिलियाचा सण, म्हणजे वाजंत्र्यांचा वर्षाचा सण, नऊ दिवसांवर आला होता.

तालीमघराच्या दारात मास्तरांची थोरली बहीण ओब्दुलिया उभी होती. गावातली सगळ्यांत जुनी कुंभारीण, सहासष्ट वर्षांची, आवाज असा की कच्चं मडकं तडकावं. ती पुढे आली, भावाचा लोंबता पंजा तिनं हातात घेतला, आणि भिंतीशी बसलेल्या भावजयीकडे बोट केलं.

"आठ महिन्यांपूर्वी माझा भाऊ बैलासारखा होता," ती म्हणाली. "आठ महिन्यांपूर्वीच ही घरात आली. हिचा पहिला नवराही पोट धरूनच गेला. आता तुम्हीच काय तो हिशेब करा."

भावजय, डेल्फिना, उठून पुढे आली. तिनं छडी उचलली, पदराला पुसावी तशी शालीला पुसली, नवऱ्याच्या खिशात खोचली आणि मान वर ठेवून निघून गेली. ओब्दुलियानं तिच्या पाठीवर शेवटचं वाक्य फेकलं: रविवारी प्रार्थना संपली की गावच्या मुखियापुढे गाऱ्हाणं घालणार, आणि मग शहरातून पोलीस येतील.

क्लॅरिनेटच्या दुसऱ्या रांगेत बसलेली ब्रिहिदा ओल्वेरा हे सगळं पाहत होती. ब्रिहिदा गावची दातांची डॉक्टर. क्लॅरिनेट ती बेताचंच वाजवायची, आणि मास्तर तिला तसं सांगायचेही; पण गेली बारा वर्षं आठवड्यातली तिची सगळ्यांत आनंदाची संध्याकाळ हीच होती. ती संध्याकाळ अशी मोडलेली तिला मुळीच आवडली नाही.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मास्तर स्वतःच तिच्या दवाखान्यात हजर झाले, आणि खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी भांडण काढलं. दोन वर्षांपूर्वी तिनं त्यांच्या दाढेत काहीतरी भलतंच भरलंय, असं त्यांचं म्हणणं. तोंडात सदान्‌कदा गोडसर, धातूची चव. जेवण जात नाही, झोप लागत नाही, नावं आठवत नाहीत. काल तर म्हणे स्वतःच रचलेल्या वॉल्ट्झचा दुसरा भाग विसरलो.

"डॉक्टरीणबाई, तुमच्या त्या दाढेनं माझा घात केलाय."

"असेल," ब्रिहिदा म्हणाली. "आ करा."

तोंड उघडं असलं की माणसाला भांडता येत नाही, हा या धंद्यातला मोठा फायदा. दाढेत धातू नव्हताच, पांढरा मसाला होता, आणि तो अजून चांगला होता. पण मास्तरांच्या ओठांच्या आतली कातडी न भाजलेल्या मातीसारखी फिकट पडली होती. तिनं खालचा ओठ ओढला आणि दिवा जवळ आणला.

हिरड्या जिथं दातांना भिडतात त्या कडेनं एक बारीक निळसर काळी रेघ गेली होती. शिसपेन्सिलीनं आखावी तशी. तिनं कापसानं पुसून पाहिली, हलली नाही. जिथं दोन दात काढून टाकलेले होते तिथं रेघही तुटली होती, आणि पुढच्या दाताशी पुन्हा सुरू झाली होती.

अशी रेघ तिनं शिकताना पुस्तकात पाहिली होती. माणसाच्या तोंडात कधीच नाही.

मग तिनं एकेक विचारायला सुरुवात केली. पोटात कळा येतात? येतात, मुटकुळं करून पडावं लागतं. आणि पोट साफ? मास्तर लाजले, पाच-पाच, सहा-सहा दिवस नाव नाही. मनगट दुखतं का? अजिबात नाही, दुखलं असतं तर कळलं तरी असतं की ते माझंच आहे.

ब्रिहिदानं चिमटा खाली ठेवला. गावात कुजबूज होती ती सोमलाची, उंदरांना घालतात त्या विषाची. पण सोमल पोट धुऊन काढतो. इथं तर कोठ्याला कुलूप लागलेलं. फिकटपणा, कळा, विसराळूपणा, न दुखता लुळं पडलेलं मनगट आणि ही रेघ, या सगळ्यांचा धनी एकच होता: शिसं. तेही एका दिवसाचं नव्हे. थोडं थोडं, रोज, कित्येक महिने.

तिनं रक्त काढून दुपारच्या बसनं शहरात, मोरेलियाच्या प्रयोगशाळेत पाठवलं. अहवाल नऊ दिवसांनी येणार होता. ओब्दुलियाचा रविवार तीन दिवसांवर होता.

"म्हणजे विष आहेच," मास्तर हळूच म्हणाले. खुर्चीतून उठताना त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. "कोण देतंय, ते नका सांगू मला. मी तिच्याशिवाय आता राहू शकत नाही."

३

डेल्फिनानं घर सोडायच्या तयारीनं कपड्यांची पेटी भरून ठेवली होती. दारातच दिसेल अशी.

ती रडत नव्हती. ब्रिहिदाला कॉफी दिली, समोर बसली आणि म्हणाली की काय पाहायचं ते पाहा, उतरंडीपासून चुलीपर्यंत. पहिल्या नवऱ्याचं तिनं आपणहून सांगितलं. आंत्रपुच्छ फुटलं होतं, पावसानं रस्ता वाहून गेला होता, आणि चौघांनी त्याला खांद्यावरून अर्ध्या वाटेपर्यंत नेलं होतं. त्या चौघांत निकानोरही होते.

"वन्संना हे ठाऊक आहे," ती म्हणाली. "पण त्यांचा भाऊ मरतोय. कुणावर तरी ओरडायला हवंच ना त्यांना."

ब्रिहिदानं घर धुंडाळलं. भिंतींना चुना, रंग नाहीच. पाणी गावाच्या झऱ्याचं, सगळा गाव तेच पितो. घेवडा ॲल्युमिनियमच्या पातेल्यात, मिरच्या दगडी पाट्यावर, रोट्या तव्यावर. दोघं एकाच पातेल्यातलं जेवत. मग तिनं डेल्फिनालाही आ करायला लावला. हिरड्या डाळिंबाच्या दाण्यासारख्या लाल. रेघ नाही.

"असं काही आहे का, जे फक्त मास्तरच घेतात?"

डेल्फिनानं विचार केला. लाद्रोनची पूड घेतात, असं ती म्हणाली. म्हणजे लाडीस्लाओ जडीबुटीवाल्याची पूड, पोटासाठी. लाद्रोन म्हणजे चोर; तो चोर आहे म्हणून घरात त्याचं नाव ते. आणि सरबत. खिडकीत पोपटासारखी हिरवीगार सुरई होती, तिच्याकडे तिनं मान वळवली. लिंबाचं सरबत दिवसभर लागतं त्यांना. ट्रम्पेट वाजवणाऱ्याचा घसा. तिला स्वतःला आंबट चालत नाही, दात शिवशिवतात. "तुम्हीच तर बंद केलंत माझं."

"आणि सरबत करतं कोण?"

"मीच की. आदल्या संध्याकाळी करून ठेवते, मुरलं की त्यांना जास्त आवडतं."

ब्रिहिदानं कॉफी संपवली. घरात फक्त एकाच माणसाच्या पोटात जाणारी गोष्ट होती, आणि ती याच हातांनी बनत होती. हे हात तिला आवडत होते, हीच पंचाईत.

४

दुसरा संशयित आपणहून सापडला. शुक्रवारी दुपारी ब्रिहिदा आपलं क्लॅरिनेट आणायला तालीमघरात गेली, तर आत पहिला ट्रम्पेटवाला कासिमिरो आरशासमोर उभा. हातात मास्तरांची जुनी छडी, आणि रिकाम्या खुर्च्यांना तो मोठ्या ऐटीत वाजवायला लावत होता. तिला पाहताच त्यानं छडी पाठीमागे लपवली, पन्नाशीचा दणकट गडी, शाळेतल्या पोरासारखी.

मास्तर उठले नाहीत तर बँड त्याच्याकडे जाणार, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. दर तालमीआधी तो मास्तरांच्या घरी जायचा, हेही. ब्रिहिदानं आडवळण न घेता विचारलं.

कासिमिरो खाली बसला. छडी त्याला नकोच होती, असं तो म्हणाला. चारचौघांपुढे पाठ करून उभं राहायचं नुसतं मनात आलं तरी त्याच्या पायांना घाम फुटतो. पण सणाच्या दिवशी मास्तरांचा हात चालला नाही तर कुणीतरी उभं राहायलाच हवं, म्हणून तो आरशापुढे भीती मोडत होता. त्यानं एक हावभाव करून दाखवला. तो इतका वाईट होता की ब्रिहिदाला हसू आवरलं नाही, आणि मग तोही हसला. या माणसाला ती गादी मिळवायची असती तर त्यानं एवढी वाईट तयारी केली नसती.

"पण एक सांगतो, डॉक्टरीणबाई. ऑगस्टात आम्ही चार आठवडे किनाऱ्यावर वाजवत हिंडलो. सुरुवातीला मास्तर कण्हत होते. शेवटच्या आठवड्यात माणूस असा खुलला की तीन ताटं मासे खाल्ले आणि हॉटेलवालीशी नाचला. घरी परतलो, आणि पंधरा दिवसांत पुन्हा पोट धरून बसले."

आपण काय बोललो हे त्याला बोलल्यावर कळलं. विष घरात होतं. आणि घरात मास्तरांखेरीज एकच माणूस राहत होतं.

"मी हे कुणाला सांगितलेलं नाही," कासिमिरो म्हणाला. "सांगणारही नाही."

५

लाडीस्लाओचं दुकान बाजाराच्या कोपऱ्यात. छतापासून वाळलेल्या जुड्या टांगलेल्या, आणि त्यांच्याखाली तो स्वतः, स्वतःच्या औषधांनी कधी बरा न झालेला खोकला खोकत. ब्रिहिदानं पोट दुखतंय असं सांगितलं. त्यानं तिची जीभही न पाहता एक पुडी बांधली.

पूड पिवळसर, किंचित शेंदरी, आणि चिमटीत घेतली तर जड. फारच जड. झाडपाल्याला असं वजन नसतं.

आतड्याला चिकटलेला घास सुटतो यानं, लाडीस्लाओ सांगत होता. आजोबांपासून चालत आलेला उपाय. मास्तरांना तीन आठवड्यांपासून देतोय. ब्रिहिदानं विचारलं की गुण आला का. त्यानं प्रामाणिकपणे मान हलवली. उलट वाढलंय, म्हणून मात्रा वाढवली. हा चोर असेल, पण आपल्या औषधावर त्याचा मनापासून विश्वास होता. तोही तेच घेत होता.

"हे झाड कुठलं?"

"झाड कसलं, बाई. हे कुंभारांकडचं. मडक्यांना झिलई करतात ना, तीच पूड. मडकं कसं गुळगुळीत होतं आतून? आतडंही तसंच." तो अभिमानानं खोकला. "ओब्दुलियाकडून आणतो. तिच्याएवढी शुद्ध कुणाकडेच नाही."

ब्रिहिदा पुडी हातात धरून तशीच उभी राहिली. झिलईची पूड म्हणजे दुसरं काही नव्हे, भाजलेलं शिसं. पण मास्तरांच्या कळा वसंतापासूनच्या, आणि पूड तीन आठवड्यांची. पूड आगीत तेल होती. आग आधीच लागलेली होती. ती कुठून लागली?

सुरई. पोपटासारखी हिरवी.

तिनं पुडी परत केली, लाडीस्लाओला निक्षून सांगितलं की ही पूड आजपासून कुणाच्या पोटात जाता कामा नये, त्याच्या स्वतःच्याही. आणि ती जवळजवळ धावतच डेल्फिनाच्या घरी गेली. तिला एकच गोष्ट विचारायची होती: ही सुरई आली कुठून?

"वन्संनी दिली," डेल्फिना म्हणाली. "लग्नात."

६

रविवारी प्रार्थना संपली, आणि मास्तरांच्या अंगणात निम्मा गाव जमला. मुखिया खुर्चीवर, डेल्फिना पेटीशेजारी, ओब्दुलिया कमरेवर हात ठेवून. मास्तर मधोमध, लुळा हात मांडीवर.

ब्रिहिदानं टेबलावर सुरई ठेवली, आणि तिच्याशेजारी काचेची बरणी. दोन्हींत तिनं आणि मुखियाच्या बायकोनं मिळून शनिवारी दुपारी एकाच लिंबांचं पाणी भरलं होतं, आणि मग दोन्ही मुखियाच्या कपाटात कुलपात ठेवलं होतं. आता तिनं दोन पेले भरले, एक बरणीतून, एक सुरईतून. दोन्ही सारखेच स्वच्छ दिसत होते.

मग कासिमिरो पुढे आला. सकाळीच तो डोंगरातल्या गंधकाच्या गरम झऱ्यावरून बूच घट्ट बसवलेली बाटली भरून आला होता. बूच निघालं तशी सडक्या अंड्यांची घाण सुटली आणि पुढच्या रांगेनं नाकं धरली.

"मास्तरांच्या हिरड्यांवर काळी रेघ आहे," ब्रिहिदा म्हणाली. "दातांच्या फटीत जे कुजतं त्यातून हाच वास, हाच गंधक निघतो. रक्तातल्या शिशाला तो भेटला की काळं होतं. जिथं दात नाहीत तिथं कुजत नाही, म्हणून तिथं रेघही नाही. आता पाहा."

तिनं झऱ्याचं पाणी पहिल्या पेल्यात ओतलं. काही झालं नाही. दुसऱ्या पेल्यात ओतलं. पाणी आधी चहासारखं झालं, मग कॉफीसारखं, आणि मग तळाशी काळा गाळ बसायला लागला.

पुढची रांग नाकं सोडून टेबलाशी वाकली.

मग तिनं सगळं ओळीनं सांगितलं. सुरईची झिलई शिशाची; हिरव्या रंगासाठी तांबं घातलेलं, त्यानं ती आणखी कच्ची होते. आंबट पाणी रात्रभर त्यात मुरायचं आणि शिसं त्यात उतरायचं. मास्तर ते दिवसभर प्यायचे. डेल्फिना पीत नव्हती, कारण आंबट तिच्या दातांना चालत नाही, आणि हे ब्रिहिदाहून जास्त कुणाला ठाऊक असणार? किनाऱ्यावर सुरई नव्हती, म्हणून मास्तर खुलले. परतले, सुरई परतली. आणि कळा असह्य झाल्या तेव्हा त्यांनी औषध म्हणून तीच पूड खाल्ली.

"ती भट्टी मी घाईत उतरवली," ओब्दुलिया म्हणाली. तिचा आवाज कुणी ओळखला नसता. "लग्न पंधरा दिवसांवर होतं. सरपण ओलं होतं. मला ठाऊक होतं की नीट भाजली नाही. पण रंग असा सुरेख आला होता." ती थांबली. "म्हणजे विष मीच दिलं."

"तुम्ही सुरई दिलीत, ताई. आता आ करा."

ओब्दुलियानं आयुष्यात प्रथमच कुणाचं तरी निमूट ऐकलं. ब्रिहिदानं ओठ बाजूला केला. रेघ तिथंही होती, भावाच्या रेघेहून रुंद, चाळीस वर्षं जुनी. दर वर्षी पावसाळ्यात तिला येणाऱ्या कळा, सांध्यांचं ठणकणं, गाडगी उचलताना लागणारा दम, हे सगळं म्हातारपण म्हणून तिनं गुंडाळून ठेवलं होतं.

ओब्दुलियानं सुरई दोन्ही हातांनी उचलली, डोक्यावर नेली. फरशीवर आपटणार तोच डेल्फिनानं तिचे हात वरच धरले.

"फोडू नका, वन्सं," ती म्हणाली. "तुमच्याकडून मला एवढी एकच वस्तू आलीय. मी तिच्यात फुलं लावीन."

ओब्दुलियानं सुरई खाली आणली. मग ती खाली बसली, नेमकी त्या भरलेल्या पेटीवरच, आणि म्हणाली की ही पेटी आता कुणी घराबाहेर काढलीच तर माझ्यासकट काढावी लागेल.

७

सणाच्या दिवशी मास्तर उभे राहिले ते डाव्या हातात छडी घेऊन. त्यांचा सगळा हिशेब उलटा झाला. ट्रॉम्बोनना इशारा करायला गेले की क्लॅरिनेटवाले उठायचे. दुसऱ्या वॉल्ट्झमध्ये ब्रिहिदानं असा बिनचूक चुकीचा सूर लावला की मास्तरांनी तिच्याकडे पाहून मान डोलावली, कारण तोच तेवढा वेळेवर आला होता. चौकातल्या लोकांना काही कळलं नाही. ते नाचत होते. कासिमिरो मागच्या रांगेत डोळे मिटून वाजवत होता, आणि त्याच्याइतका सुखी माणूस त्या दिवशी गावात दुसरा नव्हता.

अहवाल दुसऱ्या दिवशी आला आणि त्यात ब्रिहिदा म्हणाली होती तेच होतं. भाऊ-बहीण दोघांना शहरातल्या इस्पितळात काही आठवडे काढावे लागले, शेजारशेजारच्या वॉर्डांत; तिथल्या नर्सेस म्हणतात की भिंतीपलीकडून चाललेलं त्यांचं भांडण म्हणजे निम्मं औषध होतं. मनगट हळूहळू वळायला लागलं. ईस्टरपर्यंत मास्तर उजव्या हातानं चमचा धरायला लागले, आणि मे महिन्यात छडी.

ओब्दुलियानं शिसं नसलेली झिलई शिकायला घेतली. पहिली अख्खी भट्टी बेडकाच्या पाठीसारखी निघाली. दुसरीत मात्र एक वाडगा बरा उतरला, तो तिनं ब्रिहिदाकडे पाठवला. मग डेल्फिना तिच्याकडे झिलई ढवळायला रोज जायला लागली, आणि पाचव्या भट्टीपासून गावातल्या बाकीच्या कुंभारणी मिश्रण विचारायला यायला लागल्या. लाडीस्लाओनं पुडीत आता बडीशेप बांधायला सुरुवात केली होती.

एका गोष्टीची उत्सुकता तेवढी सगळ्यांनाच लागून राहिली होती. शिशानं माणूस चिडखोर होतो, असं इस्पितळातल्या डॉक्टरांनी मास्तरांना सांगितलं होतं, आणि त्यांनी ते घरोघर पोचवलं होतं. त्यांचं म्हणणं, चाळीस वर्षं ज्या जिभेपुढे आपण कापत आलो ती आपल्या बहिणीची नव्हेच, शिशाची होती. आता रक्त साफ झालं की ताई कशी लोण्यासारखी होते ते पाहाच.

जूनच्या तपासणीत ओब्दुलियाच्या रक्तातलं शिसं निम्म्याहून खाली आलं. मास्तरांनी जेवणं ठेवली. सगळे जमले, आणि सगळ्यांच्या देखत ओब्दुलियानं डेल्फिनाच्या घेवड्याची चव घेतली, चमचा खाली ठेवला, आणि मीठ, मसाला, घेवडा निवडण्याची पद्धत, भावाचं वाढलेलं पोट आणि डॉक्टरीणबाईंचं क्लॅरिनेट, अशा सगळ्यांचा एका दमात समाचार घेतला. पूर्वी मधे दम लागायचा. आता तोही लागेना.

मास्तर आ वासून ऐकत राहिले.

"ताई," शेवटी ते म्हणाले, "म्हणजे ते शिसं नव्हतं?"

"शिसं गेलं," ओब्दुलिया म्हणाली आणि डेल्फिनापुढे रिकामी थाळी सरकवली. "राग माझा स्वतःचा होता. वाढ गं अजून."